पाकीट केव्हा उघडायचं?

पटकथालेखन स्पर्धेची नियमावली हाती पडली, की बहुतेक लेखक तीत दोनच गोष्टी शोधतात: शेवटची तारीख आणि बक्षिसाची रक्कम. मधली दोन-तीन पानं वाचायची राहून जातात. पण स्पर्धेचा अर्धा निकाल त्या पानांतच लागलेला असतो. पात्रतेचे नियम लेखकाची चौकशी करतात. त्याचं वय काय, राहतो कुठे, लेखनातून आजवर किती कमावलं, कथा त्याची स्वतःची आहे का. नाव झाकून परीक्षण करण्याचा नियम नेमकं उलट सांगतो: लेखक कोण आहे हे विचारूच नका, समोरची पानं वाचा. चांगल्या स्पर्धेला दोन्ही करावं लागतं. लेखकाची ओळख पक्की करायची आणि तीच ओळख परीक्षकाला कळू द्यायची नाही. ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडे असली आणि त्यांचा क्रम ठरलेला असला, तरच हे जमतं.

नाशिक जिल्ह्यातून तीन प्रवेशिका

नियम कोरडे वाटू नयेत म्हणून एक कल्पना करू. आजच्या एखाद्या स्पर्धेकडे नाशिक जिल्ह्यातून तीन पटकथा आल्या आहेत. तिघे लेखक खरे आहेत, काळ मात्र वेगवेगळे.

पहिले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. छायाचित्रण आणि छापखाना हे त्यांचे आधीचे उद्योग. त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि काम नाशिकला हलवलं आणि ‘मोहिनी भस्मासुर’ तिथे तयार केला.

दुसरे वसंत कानेटकर, नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात प्राध्यापक. कादंबऱ्या लिहून झाल्यावर ते नाटकाकडे वळले. ‘वेड्याचं घर उन्हात’ हे त्यांचं पहिलं नाटक १९५७ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने भालबा केळकरांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणलं. पुढे त्यांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकावर १९६९ मध्ये ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट निघाला.

तिसरी प्रवेशिका मालेगावची. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी मित्रांना हाताशी धरून २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ बनवला. मूळ चित्रपटाची ती गावरान नक्कल होती, नट गावातलेच आणि खर्च नावापुरता. फरोग जाफरी हे या मंडळींचे लेखक. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही धडपड जगभर पोहोचली आणि त्याच धडपडीवर बेतलेला रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागला.

आता हे तिघे नियमांच्या चाळणीतून जाऊ द्या.

नवोदित कोणाला म्हणायचं?

वयाची अट लावली की फाळके पहिल्याच फेरीत बाद होतात. ‘युवा लेखकांसाठी’ म्हणत ३० किंवा ३५ ची मर्यादा घालणारी स्पर्धा तरुण आणि नवखा ही एकच गोष्ट धरून चालते. चित्रपटात मात्र माणूस चाळिशीनंतरही नवखा असू शकतो, याचं फाळके हे सर्वांत मोठं उदाहरण आहे.

‘पूर्वी पुस्तक प्रसिद्ध झालेलं नसावं’ ही अट कानेटकरांना अडवते. कादंबरीकार म्हणून ते नवखे नव्हते, नाटककार म्हणून होते. एका क्षेत्रातला अनुभव दुसऱ्या क्षेत्रात किती मोजायचा, हे नियमात लिहिलं नसेल तर तो निर्णय कार्यालयात बसलेल्या कोणाच्या तरी मर्जीवर जातो.

यावर एक सरळ तोडगा अमेरिकेत निघाला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९८६ मध्ये निकोल फेलोशिप ही पटकथास्पर्धा सुरू केली. नवोदित कोण, हे तिने वयावर किंवा पुस्तकांवर ठरवलं नाही. चित्रपट किंवा दूरचित्रवाणीसाठी कथात्मक लेखन करून ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमाई झालेली नसावी, एवढंच तिने विचारलं. ही मर्यादा बरीच वर्षं २५ हजार डॉलर होती. या मोजपट्टीने ४३ वर्षांचे फाळके आत येतात, प्राध्यापक कानेटकर आत येतात आणि मालेगावची मंडळी तर नक्कीच येतात. कमाई ही कागदावर दाखवता येणारी गोष्ट आहे, म्हणून या अटीवर वाद कमी होतात. आपल्याकडे मात्र पुष्कळ नियमावल्यांत ‘नवोदित लेखकांसाठी’ एवढंच लिहून पुढे जातात. मग निकालानंतर कोणीतरी विजेत्याची जुनी मालिका शोधून काढतो आणि तक्रार करतो.

कथा कोणाची?

दुसरी चाळणी स्वतंत्र कथेची. निकोलच्या नियमात दुसऱ्याच्या कादंबरीवर, नाटकावर किंवा पुस्तकावर आधारलेली पटकथा चालत नसे. स्वतःच्याच जुन्या लेखनाचं रूपांतर मात्र चालत असे. अशा नियमाखाली कानेटकर आपल्याच नाटकाची पटकथा करून पाठवू शकले असते. दुसऱ्या कोणी तेच नाटक घेऊन पटकथा केली असती तर ती बाद झाली असती, मग रूपांतर कितीही कसदार असो.

रूपांतर ही कमी प्रतीची कला आहे, असा याचा अर्थ नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २००९ च्या चित्रपटांपासून स्वतंत्र पटकथा, आधारित पटकथा आणि संवाद असे वेगळे पुरस्कार दिले जाऊ लागले. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरच्या ‘शाळा’ चित्रपटासाठी अविनाश देशपांडे निगडी यांना आधारित पटकथेचा पुरस्कार मिळाला, तर त्याच वर्षी ‘देऊळ’च्या संवादांसाठी गिरीश कुलकर्णींना. तिथे चित्रपट तयार झालेला असतो, हक्कांचे करार झालेले असतात. न बनलेल्या पटकथेच्या स्पर्धेत आयोजकाला ते करार तपासणं जड जातं, म्हणून तो रूपांतराचा दरवाजाच बंद करतो.

यात कायद्याची बाजूही आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले. त्यांच्या एखाद्या कथेवर पटकथा लिहायची तर २०५९ संपेपर्यंत हक्कधारकांची लेखी परवानगी लागणार. हरिश्चंद्राची पुराणकथा मात्र कोणाच्या मालकीची नाही. फाळक्यांना परवानगी मागायची गरज नव्हती. तरीही ‘स्वतंत्र कल्पना’ असा शब्द वापरणारा काटेकोर आयोजक त्यांना अडवू शकला असता.

मालेगावची गाडी इथे अडकते. ‘शोले’ची नक्कल ही कोणत्याही अर्थाने स्वतंत्र कथा म्हणून नोंदवता येणार नाही. पण नाशिक जिल्ह्यात गेल्या काही दशकांत सर्वांत जिवंत पटकथालेखन कुठे झालं, असं विचारलं तर बोट मालेगावकडेच जाईल. तिथे ठाकूर, गब्बर, बसंती यांना गावच्या बोलीत, गावच्या अडचणींत आणून बसवलं होतं. नियमाने त्यांना बाहेर ठेवणं कायद्याला धरून आहे. पण त्यामुळे काय गमावतो, हे आयोजकाला माहीत असावं. विडंबनासाठी वेगळा गट ठेवणारी स्पर्धा हा प्रश्न निम्मा तरी सोडवते.

पात्रता जेव्हा शिक्षा होते

पात्रतेचा नियम कामाची चौकशी सोडून माणसाच्या मतांची चौकशी करू लागला की काय होतं, हे हॉलिवूडने १९५७ मध्ये दाखवलं. कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या दडपणाखाली ऑस्करच्या अकादमीने नियम केला: कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य असल्याचं मान्य केलेला किंवा संसदीय समितीपुढे उत्तर द्यायला नकार दिलेला कोणीही पुरस्काराला पात्र नाही. ‘फ्रेंडली पर्सुएशन’ची पटकथा लिहिणारे मायकेल विल्सन या नियमाने बाहेर पडले.

त्याच वर्षी ‘द ब्रेव्ह वन’ या चित्रपटाच्या कथेला ऑस्कर मिळालं. लेखकाचं नाव होतं रॉबर्ट रिच. समारंभात हा लेखक आला नाही. त्याच्या वतीने लेखकसंघाच्या प्रतिनिधीने बाहुली स्वीकारली. रॉबर्ट रिच नावाचा लेखक नव्हताच. तो त्याच मोहिमेत काळ्या यादीत गेलेला पटकथाकार डाल्टन ट्रम्बो होता. ज्या संस्थेने माणसाला अपात्र ठरवलं होतं, तिनेच नाव दिसेना तेव्हा त्याच्या लेखनाला बक्षीस दिलं. १९५९ च्या जानेवारीत अकादमीने तो नियम मागे घेतला आणि ट्रम्बोला त्याची बाहुली १९७५ मध्ये मिळाली.

म्हणून पात्रतेची प्रत्येक अट वाचताना एक प्रश्न विचारावा: ही अट स्पर्धेच्या उद्देशाला लागते का? विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला विद्यार्थी असण्याची अट लागते. जिल्हास्तरीय स्पर्धेला रहिवासाची लागते. आयोजक आणि परीक्षक यांच्या नातेवाइकांना बंदी ही तर सगळीकडेच हवी. उद्देशाशी नातं सांगता न येणारी अट कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी घातलेली असते.

नाव झाकण्याची जुनी युक्ती

नाव झाकून परीक्षण करण्याची पद्धत चित्रपटापेक्षा खूप जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, सरकारी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरची नावं कागद चिकटवून झाकत. पण परीक्षक हस्ताक्षर ओळखत. तेव्हा लेखनिक बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नवी प्रत काढायला सुरुवात झाली आणि परीक्षकाकडे ती प्रत जाऊ लागली. आपल्याकडे दहावी-बारावीला बैठक क्रमांक आणि बारकोड लागतो, त्यामागचा विचार हाच.

अठराव्या शतकात युरोपातल्या विद्वत्सभांनी दुसरी रीत बसवली. निबंधावर नावाऐवजी एक बोधवाक्य लिहायचं. तेच बोधवाक्य सीलबंद पाकिटावर लिहायचं आणि नाव पाकिटात ठेवायचं. निकाल ठरला की विजेत्याचं पाकीट उघडायचं. दिजाँच्या अकादमीने १७५० मध्ये असं पाकीट उघडलं, तेव्हा रूसो नावाच्या फारशा नावारूपाला न आलेल्या लेखकाचं नाव निघालं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं १८१६ चं गणिताचं पारितोषिक सोफी जर्मेन यांना मिळालं. ज्या सभेत स्त्रियांना सभासद होता येत नव्हतं, तिथे स्पर्धेचं दार मात्र एका स्त्रीसाठी उघडं राहिलं.

या रीतीची खरी कमाई तिच्या क्रमात आहे. आधी वाचन, मग निकाल, मग पाकीट. नाव शेवटी उघडलं जाणार हे सर्वांना माहीत असतं. पण ते उघडल्यावर निकाल बदलता येऊ नये, एवढीच अट.

फुल्यांचं नाटक आणि कमिटी

आपल्या मातीतलं उदाहरण याहून बोचरं आहे. पेशवाईतली दक्षिणा इंग्रजांनी काही प्रमाणात चालू ठेवली होती. तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाला वापरावा, यासाठी १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला आणि पुढे दक्षिणा प्राइज कमिटी काम करू लागली. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे दिलं. कमिटीने ते नाकारलं. ‘गुलामगिरी’त (१८७३) फुल्यांनी त्याचं कारण लिहून ठेवलं आहे: ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. हे नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ उजाडलं.

फुल्यांचं नाव झाकलं असतं तर निकाल बदलला असता का? बहुधा नाही. अशिक्षित कुणबी जोडप्याला फसवणारा जोशी नाटकाच्या मध्यभागी होता. लेखक कोण हे न कळताही कमिटीला विषय टोचलाच असता. नाव झाकल्याने नावाचा पूर्वग्रह जातो, विषयाचा आणि विचाराचा पूर्वग्रह तसाच राहतो. त्यावर उपाय परीक्षकांच्या निवडीत शोधावा लागतो.

प्राचीन अथेन्समध्ये हे ओळखलं होतं. तिथे डायोनिसिया उत्सवात नाटकांची स्पर्धा होई. नाटककार सर्वांना माहीत असत, लपवालपवी परीक्षकांच्या बाजूने होती. दहा जमातींतून सुचवलेली नावं सीलबंद कलशांत ठेवत, ऐन वेळी प्रत्येक कलशातून एक नाव काढत. दहा जणांनी मतं दिली की त्यातलीही काहीच चिठ्ठीने उचलून निकाल लावत. कोणत्या परीक्षकाला वश करायचं हेच आधी कळत नसे.

शालिमारजवळची अडचण

नाशिकच्या हौशी रंगकर्मींना परीक्षण म्हटलं की राज्य नाट्य स्पर्धा आठवते. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेच्या नाशिक केंद्रावरची प्राथमिक फेरी म्हटलं की शालिमारजवळचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह डोळ्यांपुढे येतं. तिथे नाव झाकण्याचा प्रश्नच नाही. संस्थेचं नाव, लेखक, दिग्दर्शक सगळे जाहीर होतात आणि परीक्षक प्रेक्षागृहात बसून प्रयोग पाहतात. कागदपत्रांत लेखकाचं अनुमतीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तिथे पात्रता माणसापेक्षा कागदांची तपासली जाते.

पटकथेची स्पर्धा वेगळी. तिथे नट नाही, प्रकाश नाही, नुसती पानं. म्हणून तिथे नाव झाकता येतं. पण नाशिकसारख्या शहरात ते झाकलेलं टिकतं का? इथे संहिता स्पर्धेला जाण्याआधी तिची दोन-चार वाचनं होतात. मित्र ऐकतात, सूचना करतात, कोणी त्यावर एकांकिका बसवायला निघतो. स्थानिक परीक्षक नेमला तर तो पहिल्या तीन पानांतच ओळखेल. म्हणून छोट्या शहरातल्या आयोजकाने दोन गोष्टी कराव्यात: परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातले घ्यावेत आणि प्रत्येक परीक्षकाकडून लेखी कबुली घ्यावी की संहिता ओळखीची वाटली तर तो ती परत करेल. परत केलेली संहिता दुसऱ्याकडे जाते, तिच्यावर कोणताही शिक्का बसत नाही.

नाव कुठून गळतं

लेखकाने पहिल्या पानावरून नाव खोडलं म्हणजे काम संपलं, असं नसतं. पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी आपोआप छापलं जाणारं नाव राहून जातं. फाईलच्या नावातच आडनाव असतं. वर्ड किंवा पीडीएफ फाईलच्या माहितीत संगणकाच्या मालकाचं नाव बसलेलं असतं. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, ‘माझ्या आधीच्या लघुपटाप्रमाणे’ असं एखादं वाक्य, हे सगळं बोलकं असतं. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवली असेल तर नोंदवलेल्या प्रतीवर लेखकाची ओळख असते. स्पर्धेला ती न पाठवता कोरी प्रत पाठवावी. मराठीत आणखी एक भानगड आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. मग आयोजक लेखकाला फोन करतो आणि नाव झाकण्याचा सगळा खटाटोप त्या फोनवरच संपतो. युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवणं हा त्यावरचा सोपा इलाज.

सर्वांत हट्टी गळती भाषेची. बागलाणातल्या लेखकाची पात्रं अहिराणी बोलतील, मालेगावच्या लेखकाची उर्दू, हिंदी आणि खानदेशी यांची मिसळ बोलतील. नाव झाकलं तरी गाव दिसतंच. ते दिसू नये असं कोणी म्हणणार नाही. पात्राची बोली हाच तर पटकथेचा जीव. धोका असा, की प्रमाण मराठीची सवय असलेला परीक्षक त्या बोलीला अशुद्ध लेखन समजून गुण कापतो. त्याला नाव माहीत नसतं, तरी तो लेखकाची जागा ठरवून मोकळा होतो. गुणपत्रिकेत ‘भाषा’ या रकान्याखाली ‘पात्राला साजेशी आहे का’ एवढाच निकष लिहिला, तर ही चूक बरीच टळते.

गुणांचं गणित

समजा, ३०० पटकथा आल्या, प्रत्येकी १०० पानांच्या. प्रत्येक पटकथा दोघांनी वाचायची ठरली तर ६०० वाचनं, म्हणजे ६० हजार पानं. दहा वाचक नेमले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६० पटकथा. रोज दोन वाचल्या तरी महिना लागतो. निकोलकडे काही वर्षी सात हजारांहून अधिक पटकथा येत, यावरून तिथल्या कामाचा अंदाज करा.

हे ओझं पेलायला फेऱ्या कराव्या लागतात आणि पहिली फेरी नामवंत परीक्षक वाचत नाहीत. नियुक्त वाचक वाचतात. जाहिरातीत मोठी नावं असतात. सिनेस्तानच्या पटकथास्पर्धेच्या परीक्षकांत आमिर खान, राजकुमार हिरानी, जुही चतुर्वेदी आणि अंजुम राजाबली होते. अशी नावं कोणत्या फेरीपासून वाचणार आहेत, हे नियमावलीत पाहावं.

वाचकांचा हात सारखा नसतो. एकजण सरासरी ४५ गुण देतो, दुसरा सरासरी ६५. पहिल्याने ६० दिले आणि दुसऱ्याने ६८, तर कोणती पटकथा सरस? नुसते आकडे ६८ सांगतात. पण पहिल्याचे ६० त्याच्या सरासरीपेक्षा १५ ने जास्त आहेत, दुसऱ्याचे ६८ फक्त ३ ने. प्रत्येक वाचकाचे गुण त्याच्याच सरासरीशी ताडून पाहिले नाहीत, तर हात सैल असलेल्या वाचकाकडे गेलेल्या पटकथा पुढे सरकतात. दोन वाचकांत मोठी तफावत आली तर तिसऱ्याकडे द्यावी, हा नियमही असायला हवा.

तरीही चांगलं लेखन ओळखलं जाईलच याची खात्री नाही. चक रॉस या अमेरिकन लेखकाने ‘कॅसाब्लांका’ची पटकथा मूळ नाटकाचं नाव आणि एक बनावट लेखक लावून २१७ एजंटांना पाठवली आणि त्याचा वृत्तांत १९८२ मध्ये छापला. पुष्कळांनी ती न वाचताच परत केली. ३३ जणांनी ओळखली. ३८ जणांनी वाचून नाकारली. नाव झाकल्याने लेखकाला वाचणारा मिळतो, पारखी मिळेलच असं नाही. स्पर्धेचा दर्जा शेवटी वाचकांवर ठरतो आणि वाचकांना पुरेसा वेळ आणि मानधन देण्यावर.

परीक्षकांना बक्षीस न देण्याचा अधिकार आहे का, हेही बघून घ्यावं. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही, तेव्हा महाविद्यालयीन रंगभूमीवर मोठी चर्चा झाली. असा अधिकार नियमात आधीपासून लिहिलेला असेल तर निर्णयाशी भांडता येतं, पण त्याला मनमानी म्हणता येत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी

आता क्रमाकडे परत येऊ, कारण ओळख तपासणं आणि परीक्षण ही दोन कामं वेगळी ठेवण्याची किल्ली तिथे आहे. संहिता आल्यावर समन्वयकाने फक्त वरवरची छाननी करावी: पानं किती, भाषा कोणती, कुठे नाव राहिलंय का. मग क्रमांक द्यावा. वाचकांना आणि परीक्षकांना क्रमांकच मिळावा. कमाई, वय, रहिवास, स्वतंत्र कथेचं शपथपत्र ही खोल तपासणी गुण कायम झाल्यानंतर अंतिम यादीतल्यांचीच करावी. एखादा अपात्र निघाला तर पुढच्या क्रमांकाला संधी, हे आधीच ठरलेलं असावं. पात्रतेची सगळी कागदपत्रं आधीच परीक्षकांच्या टेबलावर गेली, तर झाकलेलं नाव हा देखावा राहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून घेतलेल्या मजकुराचा प्रश्नही याच टप्प्यावर हाताळता येतो. नुसत्या पानांवरून खात्रीने सांगता येत नसल्याने तिथे लेखकाची लेखी हमी आणि कच्चे खर्डे मागणं हाच मार्ग उरतो.

हक्कांचं कलम सर्वांत शेवटी, बारीक अक्षरांत असतं. पटकथा लिहिल्या क्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो, नोंदणी हा केवळ पुरावा. पण कल्पनेला संरक्षण नाही, मांडणीला आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं; ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचा लेखक ‘न्यू दिल्ली’ चित्रपटाविरुद्धचा दावा हरला. म्हणून दोन ओळींची कल्पना पाठवायला सांगणाऱ्या स्पर्धेपेक्षा पूर्ण पटकथा मागणारी स्पर्धा लेखकाला सुरक्षित. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ती पाच वर्षं धरतात. ‘प्रवेशिका पाठवताच सर्व हक्क आयोजकांकडे’ असं वाक्य दिसलं, तर बक्षिसाची रक्कम आणि पटकथेची किंमत यांची तुलना करूनच पुढे जावं.

सरकारी स्पर्धा असेल तर निकालानंतरही एक दार उघडं असतं. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, परीक्षकाचं नाव मात्र मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. स्पर्धेलाही हाच न्याय शोभतो: लेखकाला आपले गुण आणि शेरे कळावेत, परीक्षकाला कोणी घरी येऊन जाब विचारू नये. खासगी आयोजकावर ही सक्ती नाही, तरी तो स्वतःहून शेरे देत असेल तर त्याच्या स्पर्धेवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

तेव्हा प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी आयोजकाला तीन प्रश्न लिहून पाठवा. नाव आणि क्रमांक यांची यादी कोणाकडे असते? ती केव्हा उघडतात? परीक्षकाने संहिता ओळखली तर काय करतात? ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरं तयार आहेत, त्याने स्पर्धा नीट आखली आहे. ज्याला हे प्रश्न आगाऊपणाचे वाटतात, त्याच्याकडे पटकथा न पाठवलेली बरी.